काचेवरचं तेल

भाकरीच्या तुकड्यात मेथीची भाजी धरून महेजबीनने हात तोंडापाशी नेला, तेवढ्यात शेखर सरांच्या मोबाइलमधून तिचाच आवाज आला. "घेतला नाई ना मावशी यानं. अंगठा केसायले पुसा बरं, अन् अजून एक डाव लावा. हां, असा. दाबू नका, नुसता टेकवा. माय, किती घासले तुमचे बोटं कामानं." मग कुणा म्हातारीचं ओशाळं हसणं, टेबलाच्या कडेवर बांगड्या वाजल्याचा आवाज, आणि संपलं. पहिल्या क्षणी तिला तो आवाज आपला वाटलाच नाही. बाजारात माळवं घेऊन बसणारी कुणी मायाळू बाई बोलत असावी असं वाटलं. मग मनाने ओळखायच्या आत पोटाने ओळखलं. अंधारात ओल्या फडक्यावर अनवाणी पाय पडावा तसं आत काहीतरी गार, गिळगिळीत सरकलं. घास हातातच राहिला. लहान पोराच्या पाठीवरून हात फिरवत, हळूच नाक दाबून, कडू औषध घशाखाली उतरवणाऱ्या बाईचा आवाज होता तो.

शेखर सर बँकेच्या या डोणगाव शाखेचे मॅनेजर. शेतकी शिकलेले, पस्तिशीचे, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत न मोडणारे. गेल्या आठवड्यात महेजबीनच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी तिचं बोलणं तिच्या नकळत मोबाइलमध्ये टिपलं, ते बुलडाण्याला विभागीय कार्यालयात पाठवलं, आणि तिथल्या साहेबांनी जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांच्या ग्रुपवर टाकलं. ग्राहकाशी कसं बोलावं, ऐका आणि शिका. विचारायचं राहून गेलं, असं सर म्हणाले. पण त्यात वाईट काय, उलट शाखेचं नाव झालं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाजवलं. जुन्या कपाटांच्या आडोशाला जेवायला बसलेली ती तिघंच. तिसरे कॅशियर भगवंतराव, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी चटणीचं बोट चाटलं आणि म्हणाले, "मॅडम, असं म्हनाल तर मी बी अंगठा देऊन टाकीन. तिजोरीची चावी मागतली तरी नाई म्हननार नाई." सर हसले. महेजबीनही हसली असावी, कारण थोड्या वेळाने गाल ताणलेले राहिल्याचं तिला जाणवलं. मग सर मुद्द्यावर आले. विभागाला एक प्रशिक्षक हवा होता. शाखाशाखांत जाऊन काउंटरवरच्या लोकांना हे बोलणं शिकवायचं. बसायला बुलडाण्याला, स्वतंत्र टेबल, काउंटर बंद. तिचं प्रोबेशनचं वर्ष संपत आलेलं. नोकरीत कायम करण्याचा अहवालही सरांच्याच हातात होता, आणि दोन्ही एकाच मेलमध्ये जाणार होतं. "मला वाटलं होतं, एम.ए. मराठी म्हणजे आपल्या नशिबी कवी आला," सर डबा बंद करत म्हणाले. "तुम्ही तर सोनं निघालात मॅडम. आज संध्याकाळी शाखा बंद व्हायच्या आत हो म्हणा."

ती हात धुवायला उठली. साबण चोळला, पुन्हा चोळला. वास गेला नाही. तो मेथीचा नव्हता, काचेचा होता. गेले काही महिने तो तिच्या बोटांना, उशीला, ओढणीच्या टोकाला, चहाच्या कपाच्या कानालाही येत असे. डोळे मिटून नाकाशी हात नेला तर दुसऱ्या कुणाचंतरी डोकं आपल्या तळहातावर टेकलं आहे असं वाटे. तिच्या काउंटरवर अंगठा घ्यायचं यंत्र होतं. काड्यापेटीहून थोडं मोठं, वर पेराएवढी काच, खालून तांबडा उजेड. कातडीच्या रेषा जिथे काचेला टेकतात तिथला उजेड एका तऱ्हेने परततो, जिथे टेकत नाहीत तिथला दुसऱ्या, आणि या फरकातून अंगठ्याचं चित्र उमटतं. पण जन्मभर कपाशी वेचलेल्या, मिरच्या खुडलेल्या, राखेने भांडी घासलेल्या बोटांच्या रेषा झिजून सपाट होतात, कातडी सुकते, आणि यंत्राला नुसतं धुकं दिसतं. जरा तेल लागलं की फटी भरतात. म्हणून माणसं अंगठा आधी डोक्यातून फिरवत आणि मग टेकवत. खोबरेल, आवळ्याचं हिरवं तेल, मेंदी, उन्हातून चालत आल्याचा घाम, तंबाखूचा चुना. एक आजोबा, केस उरले नव्हते म्हणून, नाकाच्या कडेला अंगठा घासत आणि तो ओला चमकणारा अंगठा मोठ्या विश्वासाने काचेवर ठेवत. दुपारपर्यंत काचेवर पिवळसर साय धरे, तिच्यात एखादा पांढरा केस वेटोळं करून बसलेला असे. महेजबीन स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसे. बोळा काळा निघे. तो टोपलीत टाकताना दर वेळी तिच्या घशाशी येई, आणि दर वेळी तिला स्वतःचीच चीड येई, कारण ज्या डोक्यांची तिला किळस येत होती त्यांचीच भाषा तिने दोन वर्षं डोक्यावर घेऊन मिरवली होती.

पुण्यात एम.ए. करताना तिने प्रबंधिकेसाठी विषय निवडला होता: वऱ्हाडी बायांच्या बोलण्यातलं आर्जव. माणसं मनवताना, विनवताना, समजूत घालताना बाई कशी बोलते. गाय पान्हा चोरते तेव्हा तिला काय म्हणते, रुसलेल्या जावयाला काय, न जेवणाऱ्या पोराला काय, देवाला काय. साखरखेर्ड्याच्या आपल्या घरापासून तिने सुरुवात केली होती आणि मग शेजारपाजारच्या, बाजारच्या, नळावरच्या बायांचं बोलणं टिपत गेली होती. ती घरात उर्दू-हिंदी बोलत असे आणि उंबऱ्याबाहेर वऱ्हाडी. पुण्यात आल्यावर दोन्ही गिळून तिसरीच भाषा बोलायला शिकली. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात 'मले भूक लागली' असं तिच्या तोंडून गेलं आणि तिची खोलीतली मैत्रीण अनुपमा पलंगावर लोळून हसली. वाईट नव्हती अनुपमा. तिला ते खरंच गोड वाटलं होतं. पुन्हा म्हण ना, पुन्हा म्हण, असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची. मग महेजबीनने 'मला' शिकून घेतलं, 'ण' घासून पुसून लख्ख केला, आणि ज्या बोलीची लाज वाटायला लागली होती तिचा अभ्यास केला. अभ्यास केला की लाज वाटत नाही, वस्तू लांब जाते, काचेखाली ठेवल्यासारखी दिसते. तिला आर्जवाच्या सगळ्या खुब्या कळल्या होत्या. बाई आधी दोष दुसऱ्या कशावर तरी ढकलते, गाईवर, चुलीवर, नशिबावर. मग समोरच्याच्या कष्टांची आठवण काढते. मग मागणं अगदी लहान करून मांडते, एवढा एक घास, एवढा एक डाव. मार्गदर्शक बाईंनी समासात लिहिलं होतं, तुझ्याकडे ऐकण्याची देणगी आहे. हातातला साबण निसटून मोरीत पडला. घेतला नाई यानं. किती घासले तुमचे बोटं. अजून एक डाव. तिचं आख्खं दुसरं प्रकरण त्या तीन वाक्यांत बसलं होतं, ओळीने, एकही पायरी न गाळता.

आणि आधी आधी ते बोलणं खरं होतं, हेच तर किळसवाणं होतं. सुरुवातीच्या दिवसांत ती शुद्ध पुणेरी मराठीत "कृपया अंगठा पुन्हा ठेवा" म्हणे, आणि बायका भांबावून डावा हात पुढे करत, किंवा आपण काही गुन्हा केला असं समजून मागे सरत. एका दुपारी वैतागून तिच्या तोंडून बोली निसटली. अजून एक डाव लावा बरं मावशी. बाईचा खांदा सैल झाला, अंगठा नीट टेकला, यंत्राने घेतला. महेजबीनला वाटलं, आपण कुठूनतरी परत आलो. त्या दिवशी ती खोलीवर जाताना मनातल्या मनात वऱ्हाडीत बडबडत गेली होती. मग ती मुद्दाम तशी बोलायला लागली, रांगा तिच्याच खिडकीपुढे वाढल्या, आणि शेखर सरांनी केबिनच्या काचेतून ते पाहिलं. त्यांनी तिला खोटं बोला असं कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की पहिला अंगठा पैसे काढण्याचा, तो लागला की लगेच दुसरं पान उघडायचं. त्यावरचा अंगठा म्हणजे विम्याला होकार. विमा त्यांच्याच भल्याचा, हप्ता किरकोळ. समजावत बसलं तर एका बाईला दुपार जाते आणि शेवटी ती म्हणते, पोराले विचारून येतो. "तुम्ही नाहीतरी दोनदा लावून घेताच ना," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिच्या संगणकाचे स्पीकर काढून नेलेले होते, म्हणजे अंगठा लागल्याची टुक वाजणं बंद झालं. पहिला अंगठा लागलेला असतानाही वाक्य तेच राहिलं. शब्द तेच, हेल तोच, 'माय' म्हणतानाचा उसासाही तोच. ते कोणत्या दिवशी खरं असायचं थांबलं हे तिला आठवून आठवून सापडत नव्हतं. दूध नासतं तेव्हा अमुक थेंब पहिला नासला असं कुठे दाखवता येतं. सर्वांत वाईट हे, की खोटं बोलतानाही तिला त्या बोटांची कणव खरीच येत असे.

मुलाखतीत पॅनलवरच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, मराठी साहित्य शिकून बँकेत काय करणार? तिने पाठ केलेलं उत्तर दिलं होतं: बँक माणसांशी व्यवहार करते आणि माणसं भाषेत राहतात. गृहस्थांनी शेजाऱ्याकडे पाहून भुवया उंचावल्या होत्या. निवड झाल्याचं कळलं तेव्हा तिला वाटलं होतं, आपण त्या भुवयांवर मात केली. घरी अब्बांनी, निजाम पिंजाऱ्याने, दुकानातली अर्धी भरलेली गादी तशीच टाकून सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. आयुष्यभर कापूस पिंजून त्यांच्या छातीत घरघर बसली होती. बोलताना मध्येच थांबून ते खाकरत, आणि त्या खाकरण्यातही कापसाचे तंतू दिसतील असं तिला लहानपणी वाटे. अजून रोज रात्री फोनवर ते एकच वाक्य बोलत: "कुर्सी पे बैठती मेरी बेटी. रुई का एक फाया नै उडता वहां." नाही उडत अब्बा, ती म्हणे. तेल असतं असं तिने कधी सांगितलं नाही. ती अकरावीत असताना त्यांच्यासोबत राशनच्या दुकानात गेली होती. तिथे तसलंच यंत्र आलेलं. गादीच्या सुईने अब्बांचा अंगठा आडवाउभा चिरलेला, सुईचा बोथट माथा रेटून मधोमध घट्टा पडलेला. यंत्र काही घेईना. दुकानदार म्हणाला, चाचा, तुमचं बोट खराब आहे. अब्बांनी टोपी वर सारली, अंगठा केसांतून फिरवला, पुन्हा लावला, पुन्हा फिरवला, आणि सगळा वेळ हसत होते. ते हसणं तिला सहन झालं नव्हतं. ती बाहेर जाऊन उभी राहिली होती. एवढ्या वर्षांत तिला वाटत आलं होतं की आपल्याला किळस आली ती त्या तेलकट अंगठ्याची. आता मोरीत पडलेला साबण उचलताना तिला कळलं की मोबाइलमधल्या म्हातारीचं ओशाळं हसणं तिने आधीही ऐकलं होतं, आणि तेव्हा ती निदान बाहेर निघून गेली होती.

बुलडाण्याला काउंटर नाही. हा विचार पुन्हा पुन्हा येत होता आणि दर वेळी अंगावरून गार वारा गेल्यासारखा बरा वाटत होता. स्वच्छ टेबल. कुणाचं डोकं नाही, कुणाचं नाक नाही. पांढरा बोर्ड असेल, त्यावर ती लिहील: पहिली पायरी, दोष यंत्राला द्या. दुसरी पायरी, कष्टांचा उल्लेख करा. मेहकरची, नांदुऱ्याची, वडनेर भोलजीची पोरं-पोरी वहीत उतरवून घेतील. कुणी विचारेल, मॅडम, 'माय' म्हणायचं की 'मावशी'? आणि तिला उत्तर देता येईल, उदाहरणासहित. हातरुमालाने बोटं पुसत ती खिडकीशी परतली. कॅशच्या पिंजऱ्यात भगवंतरावांनी नोटा मोजायचं यंत्र सुरू केलं, त्याची फडफड हॉलभर भरली. केबिनमध्ये शेखर सर तिच्याकडे तोंड करून बसलेले. त्यांच्या पडद्यावर शाखेतल्या विम्याच्या नोंदी होतील तशा दिसत. रांग दारापर्यंत गेली होती, आणि रांगेत सगळ्यांत पुढे सत्यभामाबाई होत्या.

सत्यभामाबाई गावाच्या कडेला भाजीपाला लावत. निराधार योजनेचे पैसे काढायला त्या येत तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली सांभाराची जुडी आणत. पुण्यात हिला कोथिंबीर म्हणावं लागे. पहिल्यांदा जुडी हातात पडली तेव्हा महेजबीनच्या मनात नकळत 'सांभार' असं उमटलं होतं आणि डोळे भरून आले होते. आता तिला त्या जुडीकडे पाहवत नसे. सत्यभामाबाईंच्या नावावर एकदा अपघाताचा विमा झाला होता, एकदा दुखण्याचा, मागच्या खेपेला आणखी कसलासा. दर खेपेला अंगठा दोनदा, दर खेपेला तेच वाक्य. आज मात्र बाई खिडकीशी येताना हसू दाबत होत्या. जुडी काउंटरवर ठेवली. मग उजवा हात पदराखालून काढला, जसा काही त्यात सोन्याचा दागिना असावा, आणि अंगठा महेजबीनपुढे उभा धरला.

"पाह्य पोरी," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेपासून रोज रातच्याले दुधाची साय चोळून राह्यली. सून म्हनते, बुढीले आता नवरी व्हायचं हाये वाटते."

मागची माणसं हसली. अंगठा खरंच मऊ दिसत होता. भेगा बुजलेल्या, नखाभोवतीची काळी रेघ घासून काढलेली, आणि साय जिरल्यावर उरते तशी मंद चकाकी. सत्यभामाबाई सांगत होत्या की त्यांच्या बोटापायी पोरीला त्रास होतो, रांग थांबते, मागचे लोक कटकट करतात, लाज वाटते. खुरपं आता डाव्या हाताने धरते, सांभार खुडायला नातीला बसवते, या अंगठ्याला मातीच लावत नाही. राशनच्या दुकानात जाऊन उगाच एकदा लावूनही पाहिला. "आज एकाच डावात घेते का नाई पाह्य," त्या म्हणाल्या. रोज रात्री, चुलीपुढे बसून, ही बाई दुधावरची साय, जी नातीच्या तोंडात जायची, ती आपल्या शाबूत बोटाला चोळत होती. हिला हिच्याच बोटाची किळस मी लावली, असं महेजबीनच्या मनात आलं; फार शांतपणे आलं, कुणी शेजारून सांगितल्यासारखं.

आज म्हणणार नाही, तिने ठरवलं. एवढंच. बुलडाण्याचं नंतर पाहू, सरांचं नंतर पाहू, फक्त ते वाक्य या बाईला आज म्हणायचं नाही. तिने खातं उघडलं, रक्कम टाकली. काचेखाली तांबडा उजेड लागला. सत्यभामाबाईंनी श्वास धरून अंगठा टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला, जसं शिकवलं होतं तसा. पडदा हिरवा झाला.

"घेतला का?"

रांगेतला कुणी खोकला. या प्रश्नाला तिने आजवर एकच उत्तर दिलं होतं. जीभ टाळूला लागलेली, शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी थांबलेली, आणि ती जीभ आपली नाही, तोंडात कुणीतरी ठेवलेला मांसाचा तुकडा आहे असं तिला क्षणभर वाटलं.

"घेतला," ती म्हणाली.

सत्यभामाबाईंनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, घेतला, एका डावात. तोंडावर हात ठेवून त्या हसल्या. महेजबीनलाही मोकळं वाटलं, छातीवरचा दगड सरकावा तसं. ती पैसे देण्यासाठी भगवंतरावांकडे खूण करायला वळली आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या की मशीनचा काय भरोसा, चुकून बी घेतला असन. अजून एक डाव पाहू दे. आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारून, सवयीने, तो साय लावलेला अंगठाही केसांतून फिरवला आणि काचेवर ठेवला. महेजबीनने मान वळवली तेव्हा उशीर झाला होता. काच तांबडी होती. तिने जीभ आवरली होती, पण तिच्या हाताने, कुणी न सांगता, रोजच्यासारखी कळ दाबून विम्याचं दुसरं पान उघडून ठेवलं होतं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. नोंदणी यशस्वी. केबिनच्या काचेआडून शेखर सरांनी तिच्याकडे पाहून अंगठा वर केला.

"हा बी घेतला?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

तिला वाटलं होतं की सगळं त्या वाक्यात आहे, त्या आवाजात आहे. ते तोंडातून काढलं नाही की आपण सुटलो. वाक्याची गरजच उरली नव्हती. ते तिच्या हातात उतरलं होतं, बाईच्या अंगठ्यात उतरलं होतं, साय होऊन कातडीत मुरलं होतं. काचेवर ताजा ठसा होता, तेलाचा, रेषान् रेष स्पष्ट, एवढा स्वच्छ ठसा त्या काचेवर महिन्यांत उमटला नसेल. तिने बोळ्यासाठी हात पुढे केला नाही.

"मावशी," ती म्हणाली, "तुमचं बोट कधीच खराब नोतं."

भाषा वऱ्हाडीच होती, पण तिच्यात माया नव्हती, उसासा नव्हता. कोरडी, खरखरीत, बाजारात भाव सांगावा तशी. असा आवाज तिच्या प्रबंधिकेत कुठेच नव्हता. सत्यभामाबाई अजून हसतच होत्या. महेजबीन सांगत गेली. पहिलाच अंगठा लागतो. दर खेपेला लागला. दुसरा विम्याचा होता, त्याचे पैसे तुमच्या खात्यातून कापले जातात, आताही एक झाला. मी सांगितलं नाही. नोटा मोजायचं यंत्र थांबलं. भगवंतराव जाळीतून तिच्याकडे बघत राहिले. रांगेतल्या एका माणसाचा हात, अंगठ्याला तेल लावायला म्हणून, डोक्यातच राहिला.

"म्हंजे माह्या बोटाले काईच झालं नाई?"

"नाई."

"अन् तू म्हन्ली, घासलं."

"हाव."

बाई ओरडतील, पैसे मागतील, रांगेला साक्ष ठेवतील, असं काहीतरी ती धरून बसली होती. त्यासाठी तिने खांदेही आवळले होते. केबिनचं दार उघडल्याचा आवाज झाला आणि सरांचे बूट फरशीवर वाजू लागले. सत्यभामाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी आपला अंगठा डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग पदराचं टोक धरलं आणि तो पुसू लागल्या. रस्त्यात नको त्या गोष्टीला हात लागल्यावर पुसतात तसा. आधी रेषा, मग नखाच्या कडा, मग पुन्हा रेषा. मॅडम, काय झालं, असं सर मागून विचारत होते. महेजबीन त्या पदराकडे बघत होती. अंगठा केव्हाच कोरडा झाला होता, तरी बाई पुसतच राहिल्या.